संजयाने काय गाळावे?

महाभारतातल्या संजयाकडे आपण बहुधा कथेची एक सोय म्हणून पाहतो. राजा आंधळा, रणभूमी दूर, तेव्हा कोणीतरी सांगणारा हवा. व्यासांनी तो पुरवला, एवढीच आपली समजूत असते. पण भीष्मपर्वाचा आरंभ लक्षपूर्वक वाचला म्हणजे या सोयीच्या आड केवढा अवघड प्रश्न दडला आहे ते ध्यानात येते. व्यास धृतराष्ट्राला दृष्टी देऊ करतात. ज्ञातिवध डोळ्यांनी पाहण्याची इच्छा नाही, मात्र युद्धाचा वृत्तान्त समग्र ऐकण्याची आहे, असे सांगून तो ती नाकारतो. मग संजयाला वर मिळतो: उघड वा गुप्त, दिवसा वा रात्री घडलेले, किंबहुना कोणी मनात चिंतिलेलेही त्याला कळेल. म्हणजे संजयाला सर्व कळते. पण ते सर्व तो सांगेल काय? सांगू शकेल काय? अठरा अक्षौहिणींतला प्रत्येक बाण त्याने वर्णिला असता, तर ऐकण्यास राजाला आयुष्य पुरले नसते. संजय निवडतो. तो क्रमही आपल्या मताने लावतो. रणभूमीवरून तो परत येतो तेव्हा पहिली वार्ता सांगतो ती भीष्म पडल्याची. व्यूहरचना, शंखनाद, गीता हे सारे त्यानंतर, राजाने विलाप करून खोदून विचारल्यावर येते. शिवाय मधूनमधून, हे तुझ्याच करणीचे फळ आहे, असेही तो राजाला सुनावतो. काय सांगावे, कोणते आधी सांगावे आणि सांगताना स्वतःचे मत घालावे की नाही, हे तिन्ही निर्णय संजयाच्या हाती आहेत. धृतराष्ट्राला फक्त प्रश्न विचारता येतात.

हे प्राचीन प्रकरण आठवण्याचे निमित्त अगदी अर्वाचीन आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या देशात दृष्टीचे अपंगत्व असलेल्यांची संख्या ५० लाखांवर होती. त्यांपैकी ज्यांच्या हाती स्मार्टफोन आला आहे त्यांच्या खिशात आज एकेक संजय आहे. त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. आयफोनमध्ये तो ‘व्हॉइसओव्हर’ या नावाने आणि अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ या नावाने २००९ पासून वावरतो आहे. बहुधा तो फोनमध्येच असतो, नुसता जागा करावा लागतो. जागा केला म्हणजे काचेवर बोट फिरवावे आणि बोटाखाली जे येईल ते त्याने मोठ्याने सांगावे, असा व्यवहार सुरू होतो. एकदा टेकवलेले बोट केवळ विचारते. लागोपाठ दोनदा टेकवले म्हणजे ते आज्ञा करते. विचारणे आणि आज्ञा करणे यांत असा भेद डोळसांच्या फोनमध्ये नाही, आणि तो असता तर आपल्यापैकी पुष्कळांच्या हातून नको ती पत्रे नको त्या माणसांना गेली नसती, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.

नुकताच जागा केलेला हा संजय अतिशय बोलका असतो. समजा, बोटाखाली एक संदेश आला. तो धाडणाऱ्याचे नाव सांगेल, पण तेवढ्यावर थांबणार नाही. हा न वाचलेला आहे, यादीतल्या वीसांपैकी हा तिसरा आहे, उघडण्यासाठी दोनदा टॅप करा, आणखी पर्यायांसाठी दोनदा टॅप करून धरून ठेवा, असे सारे पुराण तो लावील. पहिल्या दिवशी हे पुराण उपकारक असते. शंभराव्या दिवशी ते असह्य होते. दार उघडताना कडी कशी काढावी हे रोज नव्याने समजावून सांगणारा गडी कोणी ठेवून घेईल काय? म्हणून त्याला आवरण्याच्या अनेक सोयी केलेल्या आहेत. टॉकबॅकमध्ये बोलकेपणाच्या तयार पायऱ्या आहेत, आणि त्या पसंत नसतील तर प्रत्येक गोष्ट स्वतः ठरवता येते: वस्तूचा प्रकार सांगावा की नाही, यादीतले स्थान सांगावे की नाही, कसे वापरावे याची सूचना द्यावी की नाही, पासवर्ड लिहिताना अक्षरे उच्चारावीत की नाही. विरामचिन्हे सगळी वाचावीत, काही वाचावीत किंवा मुळीच वाचू नयेत. इंग्रजीतले मोठे अक्षर आले तर व्हॉइसओव्हर ते शब्दाने सांगतो, किंवा आवाज चढवतो, किंवा एक बारीकसा ध्वनी काढतो, किंवा काहीच करीत नाही; जशी आपली आज्ञा. धृतराष्ट्राला जे करता आले नाही ते आजच्या अंध माणसाला करता येते. संजयाने काय गाळावे ते तो आधी ठरवून ठेवू शकतो.

येथे कोणी म्हणेल की ही तर यंत्राच्या खुंट्या पिळण्याची बाब झाली. तीत तत्त्वचिंतनाला वाव कोठे आहे? मला वाटते, वाव येथेच आहे. आपण डोळस माणसे वाचताना अखंड गाळीत असतो. वर्तमानपत्र उघडले की जाहिराती, बाजारभाव, निधनवार्ता यांवरून नजर घसरत जाते. ही घसरण इतकी सहज असते की आपण काही गाळले याची नोंदही मनात होत नाही. पण तिचा क्रम पाहावा. डोळा आधी ओझरते पाहतो आणि मग सोडतो. निधनवार्तांवरून घसरणारी नजर ओळखीच्या नावापाशी आपोआप अडखळते, कारण तिने सोडलेल्या गोष्टीही कडेकडेने पाहिलेल्या असतात. कानाला अशी कड नाही. ध्वनी एका ओळीत, एकामागून एक येतो. ऐकून झाल्यावर सोडले असे म्हणण्यात अर्थ नाही, कारण वेळ तर गेलेलाच असतो. म्हणून कानाने वाचणाऱ्याला काय गाळायचे हे ऐकण्यापूर्वी, तेही नियम म्हणून ठरवावे लागते. वस्तू समोर नसताना तिच्याविषयी निर्णय घ्यावयाचा, ही स्थिती आपल्याला परिचित नाही. ज्याला आपण दृष्टिक्षेप म्हणतो त्याच्या जागी येथे एक प्रकारचा कायदा येतो, आणि कायद्याला ओळखीचे नाव पाहून अडखळता येत नाही.

यावर अनुभवी श्रोत्यांनी एक तोड काढलेली असते. ते संजयाला पूर्ण बोलू देत नाहीत. डोळसाला एक शब्दही उमगणार नाही इतक्या वेगाने तो बोलत असतो आणि पहिल्या एक-दोन अक्षरांवरून पुढचे ताडून त्यांचे बोट पुढे सरकलेले असते. हाच त्यांचा दृष्टिक्षेप. पण मग पहिल्यांदा काय उच्चारले जाते याला विलक्षण महत्त्व येते. ‘बटण’ हा शब्द आधी आणि नाव मागाहून आले, तर प्रत्येक वेळी निरर्थक शब्द ओलांडून अर्थापर्यंत जावे लागते. वस्तूचे नाव, तिची अवस्था आणि तिचा प्रकार यांचा क्रम लावण्याची सोय टॉकबॅकमध्ये मुद्दाम ठेवली आहे ती याचसाठी. भीष्म पडल्याचे आधी सांगणाऱ्या संजयाला हे मर्म ठाऊक होते असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्या मीमांसकांनी आणि नैयायिकांनी वाक्यार्थ कळण्यासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी अशा तीन गोष्टी मानल्या. त्यांतली आकांक्षा म्हणजे एका पदाला दुसऱ्याची असलेली अपेक्षा. पण जरा खोल गेले तर ती ऐकणाऱ्याच्या मनातली जिज्ञासाच असते. ‘आण’ म्हटले की ‘काय?’ हा प्रश्न शब्दाच्या पोटात उठतो की श्रोत्याच्या? बोलकेपणाच्या सेटिंगकडे मी या दृष्टीने पाहतो. नवशिक्याची आकांक्षा ‘याचे करू काय?’ ही असते; जाणत्याची ‘हे काय आहे?’ एवढीच, आणि घाईत असलेल्याची ‘हे तेच का?’ इतकी आखूड. यंत्र बनवणाऱ्याला एकाच वेळी या तिघांची जिज्ञासा ओळखता येणार नाही. म्हणून मौनाची मर्यादा ठरवण्याचा अधिकार ऐकणाऱ्याकडे असावा, हे तत्त्व मला निर्विवाद वाटते. वाद आहे तो या अधिकाराला काही सीमा आहे का, आणि दुसरा कोणी तो परभारे वापरू लागला तर काय, याविषयी.

पहिला वाद साहित्याशी संबंधित असल्याने तो जरा विस्ताराने घेतो. विरामचिन्हे बंद ठेवून एखाद्याने कविता ऐकली तर कवीने योजलेला स्वल्पविराम कोठे गेला? आवाज किंचित थांबेल, पण तो थांबा स्वल्पविरामाचा की अर्धविरामाचा की केवळ ओळ संपल्याचा, हे कळणार नाही. उलट सगळी चिन्हे चालू ठेवली तर ‘अवतरणचिन्ह सुरू, उद्गारचिन्ह, अवतरणचिन्ह समाप्त’ या गजरात कविता बुडून जाते. कवीचा काही हक्क आहे की नाही? माझे मत असे की, लेखकाचा हक्क त्याने लिहिलेल्या पानावर आहे, वाचकाच्या कानावर नाही. मोठ्याने वाचून दाखवणारा प्रत्येक माणूस आजवर चिन्हांचे रूपांतर श्वासात करीत आला आहे आणि त्याबद्दल कोणी त्याला बोल लावलेला नाही. मात्र जेथे चिन्हच मजकूर असते, करारपत्रात, हिशेबात, किंवा स्वतः लिहिलेले तपासताना, तेथे ते गाळणे म्हणजे मजकूर गाळणे होय. माझे एक स्नेही येथे हैदराबादेत एका महाविद्यालयात इतिहास शिकवीत असत. आता निवृत्त आहेत. मध्यम वयात त्यांची दृष्टी गेली. ते वाचताना चिन्हे बंद ठेवतात आणि स्वतः लिहिलेले पत्र धाडण्यापूर्वी सगळी चालू करतात. दुसऱ्याचे ऐकताना सैल आणि स्वतःचे तपासताना कडक, ही त्यांची रीत अनेक डोळस लेखकांनी उचलावी अशी आहे.

वाचून दाखवणाऱ्याला समजत नसले तरी चालेल काय, हा प्रश्न मिल्टनच्या घरी उपस्थित झाला होता. १६५२ पर्यंत तो पूर्ण अंध झाला. त्याच्या भाच्याने लिहून ठेवले आहे की, मिल्टनच्या मुली त्याला हिब्रू, ग्रीक, लॅटिन अशा भाषांतली पुस्तके अचूक उच्चारून वाचून दाखवीत, आणि त्या भाषा त्यांना समजत नसत. बापाला अर्थ हवा होता, मुलींच्या वाट्याला नुसता ध्वनी आला. त्यांना तो जाच वाटला यात नवल नाही. याच्या अगदी उलट चित्र बोर्हेसचे. ब्वेनोस आयरेसमध्ये १९६४ ते १९६८ या काळात आल्बेर्तो मांगेल हा तरुण त्याला वाचून दाखवी. बोर्हेस मध्येच थांबवी, त्या वाक्यावर काही बोले, पुन्हा पुढे जाऊ देई. समजून वाचणाऱ्या माणसाशी असे क्षणोक्षणी ठरवता येते: हे राहू द्या, ते पुन्हा घ्या. स्क्रीन रीडर मिल्टनच्या मुलींच्या जातीचा आहे. फरक इतकाच की त्याला जाच होत नाही, आणि म्हणून त्याला एकच पान दहा वेळा वाचावयास सांगताना कोणाच्या मनाला लागत नाही. दुसऱ्याच्या उपकाराखाली न वाचता येणे ही केवढी गोष्ट आहे, हे ज्यांनी कधी शेजाऱ्याकडून बँकेचे पत्र वाचून घेतले आहे तेच जाणतील.

आता एक प्रश्न खास आपला, म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाचा. हैदराबादेतल्या मराठी फोनवर दिवसभरात रोमन, तेलुगू, देवनागरी आणि क्वचित उर्दू अशा लिप्या येऊन जातात. रोमन सोडली तर लिपीवरून भाषा ओळखणे यंत्राला सोपे जाते. पण देवनागरीपाशी ते फसते. हिंदी आणि मराठी यांची लिपी एक, म्हणून पुष्कळदा मराठी मजकूर हिंदी आवाजाच्या तोंडी पडतो. मग ज्ञानेश्वर ‘ग्यानेश्वर’ होतात. ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतल्या दोन वेगळ्या ‘च’कारांचा भेद नाहीसा होतो, ‘जग’ आणि ‘जीव’ एकाच ‘ज’ने उच्चारले जातात. आता मराठी आवाजही मिळतो, पण तो निवडून ठेवावा लागतो, आणि निवडूनही काही नावे वाकडीच उच्चारली जातात. त्यासाठी व्हॉइसओव्हरमध्ये उच्चारांची यादी ठेवता येते: अमुक शब्द आला की तमुक म्हण. आमच्या प्राध्यापकांनी अशा यादीत आपल्या गावांची, नातवंडांची आणि काही इतिहासकारांची नावे घातली आहेत. त्यांना मी म्हटले, “अहो, अर्थ तर तुम्हाला कळतोच आहे, मग एवढा खटाटोप कशाला?” ते म्हणाले, “तुमच्या समोर कोणी तुमच्या नातीचे नाव रोज चुकीचे लिहिले, तर तुम्ही किती दिवस सोसाल?” यावर मला बोलावयास जागा राहिली नाही. भाषेची शुद्धी हा विषय पुणे-मुंबईत बसून वादासाठी बरा असतो; येथे तो घरातल्या आवाजाचा प्रश्न होतो. कामाची पत्रे ते वेगवान इंग्रजी आवाजात ऐकतात आणि मराठी पुस्तक मात्र संथ मराठी आवाजात. यंत्र तेच, कानही तेच. पण बोलण्याच्या दोन तऱ्हा त्यांनी दोन प्रकारच्या वेळांसाठी राखून ठेवल्या आहेत.

इमोजींविषयी दोन शब्द. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप समूहात कोणाच्या वाढदिवसाला फुले, टाळ्या आणि जोडलेले हात यांची जी वृष्टी होते, ती डोळसाला रंगीत नक्षी वाटते. स्क्रीन रीडरला प्रत्येक चित्राचे नाव ठाऊक असते, आणि ते सांगण्यास तो चुकत नाही. सकाळी येणाऱ्या गुलाबांच्या सुप्रभातचित्रांचे याच्या उलट. त्यांतली अक्षरे चित्राचाच भाग असल्याने जुना स्क्रीन रीडर नुसते ‘चित्र’ म्हणून मोकळा होई. या बाबतीत अंध मंडळी आपल्यापेक्षा सुखी होती असे कोणी म्हटल्यास मी वाद घालणार नाही.

गुप्ततेचा प्रश्न मात्र विनोदाने सुटण्यासारखा नाही. जे मोठ्याने सांगितले जाते ते शेजारीही ऐकतो. बसमध्ये बसून पैसे पाठवताना ओटीपी उच्चारला गेला तर तो गुप्त राहिला असे कोण म्हणेल? म्हणून पासवर्ड बोलण्याची सोय बंद ठेवता येते. पण बंद ठेवली की आपण दाबलेले अक्षर बरोबर आहे की नाही याची खात्री राहत नाही. एका कानात इअरफोन आणि दुसरा कान रस्त्यासाठी मोकळा, ही यावरची नित्याची तडजोड. याच्या जोडीला एक सोय अशी आहे की डोळसांनी ती ऐकून थक्क व्हावे. फोनचा पडदा पूर्ण काळा करता येतो. फोन चालू असतो, बोलत असतो, आज्ञा पाळीत असतो. फक्त शेजारून डोकावणाऱ्याला काही दिसत नाही. प्रकाशाची गरज नसलेल्या माणसाला अंधाराचा हा लाभ मिळतो.

दुसरा वाद अधिक गंभीर आहे. गाळण्याचा अधिकार ऐकणाऱ्याऐवजी सांगणाऱ्याने वापरला तर? लिहिलेल्या शब्दाच्या बाबतीत हा प्रश्न सहसा येत नाही, कारण शब्द तेथे असतोच. चित्रापाशी तो येतो, कारण चित्राचे शब्द कोणालातरी करावे लागतात. फेसबुकने एप्रिल २०१६ मध्ये छायाचित्रांची वर्णने यंत्राकडून करवून स्क्रीन रीडरच्या तोंडी घातली. ती अशी असत: चित्रात असू शकेल – तीन माणसे, हसणारी, घराबाहेर. यातला ‘असू शकेल’ हा शब्दप्रयोग मुद्दाम घातलेला होता, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. न्यायसूत्रांत आप्ताचा उपदेश म्हणजे शब्दप्रमाण असे सांगितले आहे. आप्त कोण, तर ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी पाहिली तशीच ती सांगण्याच्या इच्छेने जो बोलतो तो, असे वात्स्यायनाचे भाष्य आहे. आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू आहे असेही तो बजावतो. यंत्राला हे लक्षण लावून पाहिले तर ते पहिल्याच पायरीवर अडते. त्याने काही साक्षात जाणलेले नसते. पूर्वी पाहिलेल्या असंख्य चित्रांवरून ते अंदाज करते. अशा सांगणाऱ्याने निदान ‘असू शकेल’ म्हणावे, ही आप्तत्वाची किमान अट झाली. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये नोटा ओळखण्यासाठी ‘मनी’ नावाचे ॲप काढले. कॅमेऱ्यापुढे नोट धरली की ती किती रुपयांची ते हे ॲप सांगते. नोट खरी की खोटी ते आपण सांगत नाही, हेही त्याच्या माहितीत स्पष्ट केलेले आहे. आपल्याला काय कळत नाही ते सांगणारा साक्षीदार न्यायालयातही दुर्मीळ असतो.

परंतु यंत्राला कळत असूनही ते सांगू दिले जात नाही, अशीही स्थिती येते. डिसेंबर २०१७ मध्ये फेसबुकने चेहरे ओळखून छायाचित्रात आपले कोणते मित्र आहेत हे अंध सभासदांना सांगण्यास सुरुवात केली. नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहरे ओळखण्याची ती सारी योजनाच बंद झाली, अब्जाहून अधिक लोकांच्या चेहऱ्यांचे साठवलेले ठसे पुसून टाकण्याचे जाहीर झाले, आणि त्याबरोबर ही नावेही गेली. पुढे २०२३ मध्ये, अंधांना डोळस स्वयंसेवकांचे साहाय्य मिळवून देणाऱ्या ‘बी माय आइज’ या ॲपमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेकडून चित्रवर्णन मिळू लागले, तेव्हा काही काळ माणसांच्या चेहऱ्यांचे वर्णन थांबवण्यात आले. गोपनीयतेसाठी चेहरा झाकला आहे, असे उत्तर अंध माणसांच्या पदरी पडू लागले.

दोन्ही निर्णयांमागे सद्हेतू होता हे मी नाकारीत नाही. रस्त्यावरच्या कोणाही अनोळखी माणसाचे नाव फोनने सांगावे हे भयावह आहे, मग फोन धरणारा अंध असो वा डोळस. येथे एक कसोटी लावता येईल असे मला वाटते. त्या जागी उभ्या असलेल्या सामान्य डोळस माणसाला जे दिसते ते अंध माणसाला सांगण्यात कोणाच्या गोपनीयतेचा भंग होत नाही. समोरचा हसतो आहे की रडकुंडीला आला आहे, त्याला दाढी आहे, त्याने चष्मा लावला आहे, हे रस्त्यावरचा कोणीही पाहतो. ते झाकून ठेवणे म्हणजे सगळ्यांसाठी उघडी असलेली खिडकी एकाच माणसासाठी लावून घेणे होय. अनोळखी माणसाचे नाव मात्र सामान्य डोळसालाही दिसत नाही. तेव्हा ते न सांगितल्याने अंधाचे विशेष काही हिरावले जात नाही. मित्रांचे काय? विवाहसमारंभाच्या छायाचित्रात आपला मित्र कोणता, हे डोळस मित्र एका क्षणात ओळखतो. अर्थात २०२१ मध्ये जी नावे गेली ती या कसोटीवर अंधांच्या हक्काची होती. ठसे पुसण्याचा निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. अब्जावधी चेहऱ्यांची नोंद एका खाजगी संस्थेच्या कोठारात असणे कोणालाच हितावह नव्हते. पण सर्वांच्या हितासाठी जी किंमत मोजली गेली ती कोणाच्या खिशातून गेली, हे त्या वेळच्या आनंदोत्सवात फारसे कोणी विचारले नाही.

कसोटीचा कठीण भाग पुढे आहे. चित्रातल्या माणसाचा वर्ण, तो पुरुष की स्त्री, त्याचा धर्म, हे यंत्राने सांगावे काय? डोळस माणूसही हे ‘पाहत’ नसतो; कपड्यांवरून, केसांवरून तर्क करतो, आणि तो तर्क स्वतःच्या संस्कारांनी करतो. म्हणून यंत्राने तर्क सांगण्याऐवजी तर्काचे साहित्य सांगावे: हिरवी साडी, आखूड केस, कपाळावर गंध. तर्क करण्याचा, आणि तो चुकण्याचासुद्धा, अधिकार ऐकणाऱ्याचा असू द्यावा. संजयाने राजाला सुनावले ते योग्य असेल, पण संजय राजाचा सूत होता, जन्माचा सांगाती होता. विकत घेतलेल्या फोनशी आपले तसले नाते नाही.

ऐकणाऱ्याने गाळले काय किंवा सांगणाऱ्याने गाळले काय, एक धोका दोन्हींत समान आहे. मौनाला चेहरा नसतो. काही नव्हते म्हणून शांतता, आणि काही होते पण गाळले म्हणून शांतता, या दोहोंत कानाला फरक कळत नाही. छापील पुस्तकात गाळलेल्या जागी आपण टिंबे देतो. आवाजाच्या जगात टिंबे कोठून आणावीत? व्हॉइसओव्हरच्या चित्रवर्णनात याचे एक उत्तर सापडते. चित्रात नाजूक किंवा अश्लील काही असेल तर ते सांगावे, किंवा काहीच करू नये, किंवा नुसता एक सूर वाजवावा, अशी निवड ऐकणाऱ्याला दिली आहे. हा सूर मला त्या सगळ्या सेटिंगमध्ये सर्वांत विचारपूर्वक ठेवलेला वाटतो. येथे काही आहे, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी ते सांगत नाही, पण हवे तर थांबा, एवढे तो एका क्षणात कळवतो. प्रत्येक गाळलेल्या गोष्टीला असा सूर मिळाला तर पुन्हा गोंगाट होईल हे खरे. तरी जेथे गाळणारा दुसरा कोणी आहे तेथे तो असलाच पाहिजे, असा माझा आग्रह राहील.

आणि मग असे मौन येते की ज्यावर कोणतेही सेटिंग चालत नाही. ॲप बनवणाऱ्याने बटणावर सुंदर आकृती काढली पण तिला नावच दिले नाही, तर संजय तरी काय सांगणार? बोट फिरते आणि उत्तर येते: बटण, बटण, नाव नसलेले बटण. येथे गाळणाऱ्याला आपण काही गाळले याची जाणीवही नसते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने माहिती आणि सेवा सर्वांना सुलभ असाव्यात असा दंडक घातला, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा सर्वांच्या आवाक्यात असणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग ठरवला. त्या प्रकरणातल्या अर्जदारांत डोळ्यांच्या उघडझापीची चाचणी देता न आल्याने बँकेच्या ओळखतपासणीत अडकलेली माणसे होती. निकाल मोठा आहे. त्याचा अंमल एकेका बटणापर्यंत पोहोचावयाचा आहे.

तोवर वाट न पाहण्याची एक सोय फोनमध्ये आहे. निनावी बटणाला वापरणाऱ्याने स्वतः नाव द्यावे आणि पुढे संजयाने तेच उच्चारावे. आमचे प्राध्यापक एका ॲपवरून औषधे मागवतात. त्यातली अर्धी बटणे निनावी होती. दोनदा चुकीची औषधे घरी आल्यावर त्यांनी एक दुपार खर्चून, नातीला शेजारी बसवून, प्रत्येक बटण दाबून पाहिले आणि त्यांना मराठी नावे दिली: ‘पिशवीत टाक’, ‘नको’, ‘मागे’, ‘पैसे भर’. एका बटणाचा उपयोग काय ते नातीलाही कळेना, त्याला त्यांनी ‘देव जाणे’ असे नाव दिले. गेल्या महिन्यात त्या ॲपची नवी आवृत्ती आली आणि सारी नावे पुसली गेली. मी गेलो तेव्हा नात शाळेत होती आणि ते एकटेच, एका बोटाने, पहिल्या बटणापासून पुन्हा आरंभ करीत होते.